डॉक्टर लिव्हिंगस्टन व त्यांचे नाशिकचे सोबती

नाशिक शहराच्या पश्चिमेस शरणपूर म्हणून जी वस्ती आहे, ती आतां शहराच्या गजबजाटांत मिसळून गेली आहे. तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, एकोणिसाव्या शतकांत ह्या जागीं आफ्रिकन मुलांची एक शाळा होती. अरबी समुद्रांत गुलामांची ने-आण करणारीं गलबतें इंग्रजी लढाऊ जहाजें पकडीत. आणि त्यांतून सुटलेल्या ज्या मुलांना आईबाप, गांव, कुळ असें कांहींच उरलेलें नसे, त्यांतील कांहींना मुंबईस आणून पुढें शरणपूरच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमांत ठेवीत. तेथें तीं अक्षरें शिकत, सुतारकाम-लोहारकाम शिकत, आणि ख्रिस्ती म्हणून वाढत. ह्याच मुलांपैकीं कांहींनीं पुढें एका थोर पुरुषाच्या चरित्राचा शेवटचा अध्याय आपल्या पायांनीं लिहिला. त्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगणार आहों. शेवटच्या अध्यायाची सूचना आरंभींच देऊन ठेवितों, कारण आमच्या मतें त्यांच्या थोरवीचें खरें माप तेथेंच सांपडतें.

डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडमधील ब्लँटायर ह्या गांवीं झाला. क्लाइड नदीच्या कांठीं सुताची गिरणी, आणि गिरणीवाल्यांनीं मजुरांसाठीं बांधलेली चाळ. त्या चाळींतील एका खोलींत सर्व कुटुंबाचा संसार चाले. दहाव्या वर्षीं डेव्हिड गिरणींत जाऊं लागला. सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत यंत्राखालीं वांकून तुटलेले धागे जोडावयाचे, हें त्याचें काम. पहिल्या आठवड्याची मजुरी हातीं येतांच तिच्यांतील कांहीं पैशांचें त्यानें लॅटिन व्याकरणाचें पुस्तक विकत घेतलें. गिरणी सुटली कीं रात्रीच्या शाळेंत जावें, आणि दिवसा यंत्राच्या चौकटीवर पुस्तक टेकवून येतां-जातां एकेक वाक्य वाचावें, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षें चालला. गोंगाटांत मन एकाग्र करण्याची जी संवय त्याला तेथें लागली, ती पुढें आफ्रिकेच्या अरण्यांत त्याच्या उपयोगी पडली.

वैद्यक शिकून चीन देशांत ख्रिस्तसेवेस जावें, असा तरुण डेव्हिडचा संकल्प होता. गिरणींतील कमाईवर तो १८३६ सालीं ग्लासगो येथील अँडरसन कॉलेजांत दाखल झाला, व पुढें लंडन मिशनरी सोसायटीनें त्याला स्वीकारिलें. परंतु इतक्यांत इंग्रजांचें चीनशीं अफूचें युद्ध जुंपलें आणि तो मार्ग बंद झाला. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेंतील वृद्धिंगत मिशनचे रॉबर्ट मॉफट ह्यांची व त्याची गांठ पडली. आणि कुरुमानच्या उत्तरेस, जेथें कोणीही उपदेशक पोंचला नव्हता, तिकडे जाण्याचें त्यानें ठरविलें. १८४० सालीं वैद्यकाची सनद व पाळकाची दीक्षा घेऊन डॉक्टर लिव्हिंगस्टन निघाले, आणि ३१ जुलै १८४१ रोजीं कुरुमान येथें पोंचले.

माबोत्सा येथें असतांना १८४४ सालीं एक प्रसंग घडला, तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. गांवच्या गुरांवर सिंह पडूं लागले होते. लिव्हिंगस्टन शिकारीस गेले, सिंहावर गोळी झाडली, आणि बंदूक पुन्हा भरीत असतांना त्या जखमी जनावरानें त्यांचा डावा खांदा धरिला. मेबाल्वे नांवाचा आफ्रिकन शिक्षक जवळ होता. त्यानें बंदूक रोखली. ती उडाली नाहीं, परंतु सिंह लिव्हिंगस्टन ह्यांना सोडून त्याच्यावर धांवून गेला. मेबाल्वेची मांडी फाडली गेली, आणि मग त्या सिंहानें आधींच्याच गोळ्यांनीं प्राण सोडला. लिव्हिंगस्टन ह्यांच्या दंडाचें हाड नीट जुळलें नाहीं. तो हात जन्मभर अधूच राहिला. एका आफ्रिकन मनुष्यानें स्वतःचा जीव मध्यें घालून त्यांना वांचविलें, हें येथें नमूद करून ठेवूं, आणि त्या मोडक्या हाडाचीही आठवण ठेवूं. दोहोंचा संबंध पुढें येणार आहे.

१८४५ सालीं मॉफट ह्यांची कन्या मेरी हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. कोलोबेंग येथें त्यांनीं घर बांधिलें, शाळा उघडली, सेचेले नांवाच्या राजास बाप्तिस्मा दिला. परंतु त्यांचें मन एका ठिकाणीं स्थिर राहणारें नव्हतें. १८४९ सालीं कालाहारीचें वाळवंट ओलांडून त्यांनीं एन्गामी सरोवर गांठलें, आणि १८५१ सालीं झांबेझी नदीचें विस्तीर्ण पात्र पाहिलें. ह्या प्रवासांत पत्नी व लहान मुलें तहानेनें व तापानें किती पोळलीं, हें सांगितल्याशिवाय चरित्र पुरें होत नाहीं. अखेर १८५२ सालीं त्यांनीं कुटुंबास केप टाउन येथून इंग्लंडास पाठविलें. मेरीबाईंनीं तेथें चार वर्षें गरिबींत व एकटेपणांत काढिलीं. थोरांच्या घरचीं माणसें त्यांच्या थोरवीची किंमत भरीत असतात. आम्ही पुष्कळदां मानकऱ्याचें नांव घेतों आणि ती किंमत भरणारास विसरतों.

त्यानंतर त्यांचा तो प्रसिद्ध प्रवास झाला. मकोलोलो लोकांचा राजा सेकेलेटु ह्यानें सत्तावीस माणसें व हस्तिदंत दिला, आणि नोव्हेंबर १८५३ मध्यें लिन्यांटीहून मंडळी पश्चिम समुद्राकडे निघाली. उत्तरेस जावें तसतशी झाडी दाट होत गेली. पावसाची संततधार, पाण्याखालीं गेलेलीं कुरणें, पडलेल्या झाडांच्या राशी, बैलावर बसलेल्या स्वाराला अडकवून खालीं पाडणाऱ्या वेली, आणि पुन्हा पुन्हा येणारा हिंवताप. सिंदबाद नांवाचा त्यांचा बैल स्वभावानें खट्याळ होता; धन्यास फांद्यांखालून नेण्यांत त्याला जणूं आनंदच वाटे. वाटेंतील कित्येक सरदार वाट देण्याबद्दल माणूस, बैल किंवा बंदूक मागत. बैल देतां येई, माणूस देण्याचें लिव्हिंगस्टन ह्यांनीं साफ नाकारिलें. अशा रीतीनें ३१ मे १८५४ रोजीं ते लुआंडा बंदरांत पोंचले, तेव्हां त्यांच्या शरीराचा केवळ सांपळा उरला होता.

बंदरांत इंग्रजी जहाजें उभीं होतीं. त्यांच्या कप्तानांनीं त्यांना घरीं नेण्याचें आमंत्रण दिलें. पत्नी-मुलांना पाहून दोन वर्षें झालीं होतीं, अंगांत ताप होता, आणि मायदेशीं कीर्ति वाट पाहत होती. पण बरोबरच्या सत्तावीस माणसांना परत त्यांच्या गांवीं पोंचविण्याचें वचन त्यांनीं दिलेलें होतें, आणि ते एकटे गेले तर हीं माणसें परक्या मुलुखांत, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तोंडीं पडतीं. त्यांनीं आमंत्रण नाकारिलें, आणि ज्या अरण्यांतून आले त्याच अरण्यांत पुन्हा पाऊल घातलें. ज्या जहाजानें त्यांनीं आपले कागद पाठविले होते, तें मदीरा बेटाजवळ बुडालें. वार्ता कळतांच त्यांनीं ते सर्व कागद पुन्हा लिहून काढिले. सप्टेंबर १८५५ मध्यें ते लिन्यांटीस परतले, आणि ते सत्तावीसही जण आपल्या घरीं पोंचले. आमच्या समजुतीप्रमाणें लिव्हिंगस्टन ह्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा शोध कोणत्या नदीचा किंवा सरोवराचा नसून, दिलेला शब्द हजार मैलांच्या अरण्यांतून परत नेतां येतो, हा होय.

पुढें पूर्वेकडे जातांना नोव्हेंबर १८५५ मध्यें त्यांना झांबेझीचा महान् प्रपात दिसला. तेथील लोक त्याला गर्जणारा धूर ह्या अर्थाचें मोसी-ओआ-तुन्या हें नांव देत. लिव्हिंगस्टन ह्यांनीं आपल्या राणीचें नांव दिलें. मे १८५६ मध्यें ते हिंदी महासागरावरील केलिमाने बंदरास पोंचले. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत आफ्रिका खंड ओलांडून त्याची वाट मोजणारे व लिहून ठेवणारे ते पहिले युरोपियन प्रवासी होत.

वाचकहो, यश नेहमीं चढत्या पायऱ्यांनीं येत नाहीं. १८५८ ते १८६४ पर्यंत सरकारच्या वतीनें जी झांबेझी मोहीम त्यांनीं चालविली, ती बहुतांशीं फसली. नदीनें आगबोटी वर जातील असें त्यांनीं सांगितलें होतें. काब्राबासाच्या खडकाळ धबधब्यांनीं तें खोटें ठरविलें. सोबतच्या युरोपियन लोकांशीं त्यांचें पटलें नाहीं. दुसऱ्याची अशक्तता समजून घेण्यास लागणारी क्षमा त्यांच्यापाशीं त्या काळीं कमी होती. मेरीबाई त्यांना भेटण्यास आल्या, आणि थोड्याच महिन्यांत, २७ एप्रिल १८६२ रोजीं, शुपांगा येथें तापानें वारल्या. मोठा मुलगा रॉबर्ट दुसऱ्या नांवानें अमेरिकेंतील उत्तरेच्या सैन्यांत शिरला आणि गुलामगिरीवरून पेटलेल्या त्या युद्धांत १८६४ सालीं कैदेंत मरण पावला. ह्या सर्व अंधारांत एक उजेडाची रेघ होती. १८६१ सालीं शिरे नदीच्या डोंगराळ भागांत गुलामांची एक साखळदंडी टोळी त्यांनीं व त्यांच्या मंडळींनीं सोडविली होती. तींत चुमा नांवाचा एक मुलगा होता.

मोहीम आटोपली तेव्हां लेडी न्यासा नांवाची आपली छोटी आगबोट गुलामांच्या व्यापाऱ्यांस विकली जाऊं नये, म्हणून लिव्हिंगस्टन ह्यांनीं ती मुंबईस न्यावयाचें ठरविलें. सरोवरासाठीं बांधलेली ती बोट, मोजके खलाशी, आणि सुमारें अडीच हजार मैलांचा समुद्र. स्वतः सुकाणू संभाळून, पंचेचाळीस दिवसांनीं, जून १८६४ मध्यें, पावसाळा तोंडावर आला असतां ते मुंबई बंदरांत शिरले. मुंबईस त्यांनीं चुमा व विकातानी ह्या दोन मुलांना डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेंत ठेविलें. शुपांगाचा सूसी येथल्या गोदींत कामास लागला. पुढील वर्षीं ते परत आले, तेव्हां मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनीं त्यांना मोठें साह्य केलें. लेडी न्यासा २३०० पौंडांस विकली गेली, आणि ते पैसे ज्या पेढींत ठेविले ती पेढी बुडाली. ह्याच मुक्कामांत लिव्हिंगस्टन नाशिकास गेले, आणि शरणपूरच्या मुलांपैकीं नऊ जण त्यांच्याबरोबर निघाले. ३ जानेवारी १८६६ रोजीं मंडळींनीं मुंबई सोडली. पलटणींतील कांहीं हिंदी शिपाई, नाशिकचे नऊ, चुमा, विकातानी, सूसी आणि कांहीं इतर अशी ती टोळी होती.

ह्या शेवटल्या प्रवासाचे हेतु दोन: नाईल नदीचा उगम शोधावा, आणि गुलामांच्या व्यापाराची हकीगत जगापुढें मांडावी. आरंभापासूनच सोबती गळूं लागले. शिपायांस परत पाठवावें लागलें. जोहाना बेटाचे लोक पळून गेले आणि डॉक्टर मेले अशी खोटी बातमी त्यांनीं उठविली. नाशिकच्या मुलांपैकींही सर्वच शेवटपर्यंत टिकले नाहींत, हें सत्य लपविण्याचें कारण नाहीं. जानेवारी १८६७ मध्यें एक पळून गेलेला मजूर औषधांची पेटी घेऊन गेला. हिंवतापाच्या देशांत वैद्याचें औषधच गेलें. १८६८ सालीं बांग्वेउलु सरोवराकडे जातांना सूसी व चुमा ह्यांनींही पुढें येण्याचें नाकारिलें. झांबेझीवरील लिव्हिंगस्टन असते तर त्यांनीं कडक शब्द लिहिले असते. आतां मात्र त्यांनीं एवढेंच मनांत आणिलें कीं, माणसें थकलीं आहेत आणि आपणही निर्दोष नाहीं. परत आल्यावर त्यांनीं त्यांना पुन्हा कामावर घेतलें. ह्या क्षमेचें फळ पुढें कसें आलें, तें आतां सांगावयाचें आहे.

१८६९ सालीं टांगानिका सरोवर ओलांडून ते मान्येमाच्या अरण्यांत शिरले. मध्य आफ्रिकेचें महारण्य तें हेंच. झाडें इतकीं उंच कीं बंदुकीच्या छऱ्यांनीं शेंड्यावरचा पक्षी पडूं नये. पानांचें छत इतकें गच्च कीं भर मध्यान्हीं सूर्याचा कवडसा तेवढा जमिनीवर यावा. दोरखंडासारख्या वेली झाडांना झाडांशीं बांधून टाकीत. वाट म्हणजे हत्तींच्या पावलांनीं झालेल्या चिखलाच्या खड्ड्यांची रांग. पायांना चिघळणारे व्रण पडले, आणि १८७० सालीं महिनेच्या महिने ते बांबारे गांवच्या एका झोपडींत पडून राहिले. त्या काळीं तीनच माणसें त्यांच्याजवळ होतीं: सूसी, चुमा आणि नाशिकचा गार्डनर. कागद संपला तेव्हां जुन्या वर्तमानपत्रांच्या छापील ओळींवर आडवें लिहून, वनस्पतींच्या रसाच्या शाईनें त्यांनीं रोजनिशी चालू ठेविली.

मार्च १८७१ मध्यें ते लुआलाबा नदीवरील न्यांग्वे येथें पोंचले. ह्या सर्व काळांत अन्नासाठीं, होड्यांसाठीं आणि सोबतीसाठीं त्यांना त्याच व्यापाऱ्यांचा आधार घ्यावा लागत होता, ज्यांचा धंदा नाहींसा करण्याची त्यांची प्रतिज्ञा होती. ह्याचें दुःख त्यांना टोंचत असे, आणि लवकरच त्याची परीक्षा झाली. १५ जुलै १८७१ रोजीं न्यांग्वेचा बाजार भरला होता; शेंकडों बायका माल घेऊन आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या माणसांनीं एकाएकीं गर्दीवर गोळ्या झाडिल्या. बायका नदीकडे धांवल्या, होड्या उलटल्या, कित्येक पोहतां पोहतां बुडाल्या. खुद्द अरबांच्या अंदाजाप्रमाणें तीनशेंहून अधिक जीव गेले. लिव्हिंगस्टन ह्यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें, आणि त्या लोकांबरोबर पुढें जाण्याऐवजीं नदीचा शोध सोडून ते उजिजीकडे परत फिरले. त्या दिवसाचीं वर्तमानपत्रावरील पानें फिकट होऊन वाचतां येईनाशीं झालीं होतीं. विशेष प्रकाशांत छायाचित्रें घेऊन विद्वानांनीं तीं २०११ सालीं पुन्हा वाचलीं. त्यांवरून दिसतें कीं, झांझिबारहून पाठविलेलीं त्यांचीं स्वतःचीं माणसें त्यांच्या आवरणाबाहेर गेलीं होतीं, आणि छापील पुस्तकापेक्षां त्यांच्या मनाची खळबळ कितीतरी अधिक होती. आम्हांस ह्यांत त्यांची उणीव कमी व माणुसकी अधिक दिसते.

१८७१ च्या अखेरीस हेन्री स्टॅन्ली ह्या वृत्तपत्रकाराची व त्यांची उजिजी येथें जी भेट झाली, ती जगप्रसिद्ध आहे. तिचें वर्णन येथें नको. स्टॅन्लीनें अन्न, औषध व पत्रें आणिलीं, आणि परत चलण्याचा आग्रह केला. लिव्हिंगस्टन गेले नाहींत. मार्च १८७२ मध्यें दोघे विभक्त झाले. ऑगस्टमध्यें स्टॅन्लीनें पाठविलेलीं माणसें उन्यान्येंबेस आलीं. त्यांत नाशिकचे आणखी विद्यार्थी होते, आणि त्यांपैकीं एक जेकब वेनराइट. पुन्हा बांग्वेउलुची वाट धरिली. सततचा पाऊस, कमरेइतकें पाणी, आणि रक्तस्रावानें खंगलेला देह. शेवटीं त्यांना डोलींत घालून न्यावें लागलें. १ मे १८७३ च्या पहांटे चितांबो राजाच्या गांवीं, झोपडींत, खाटेशेजारीं गुडघे टेकलेल्या स्थितींत ते सोबत्यांना मृत आढळले.

आतां काय करावयाचें? धनी गेला होता. करार संपला होता. कोणी त्यांना जाब विचारणारा नव्हता. मृत देह वाहून नेणें त्या देशांत मोठें अशुभ मानीत, व त्यासाठीं जीवही गेला असता. तरी सूसी, चुमा आणि इतरांनीं एकविचारानें ठरविलें कीं डॉक्टरांस त्यांच्या लोकांत पोंचवावयाचें. हृदय त्यांनीं तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. जेकब वेनराइटनें प्रेतसंस्काराची उपासना वाचली व झाडावर नांव आणि तारीख कोरली. शरणपूरला शिकलेलीं अक्षरें अशा प्रकारें आफ्रिकेच्या काळजांत उमटलीं. देह मीठ लावून सुमारें दोन आठवडे उन्हांत वाळविला, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळिला, आणि ते निघाले. उन्यान्येंबेस कॅमेरून नांवाचा इंग्रज अधिकारी भेटला. देह येथेंच पुरावा, असें त्यानें सुचविलें. त्यांनीं नम्रपणें, परंतु निश्चयानें नाकारिलें. पुढें एका गांवीं वाट अडविली गेली, तेव्हां त्यांनीं खोटें प्रेत बांधून परत पाठविल्याचा देखावा केला, आणि खरा देह कापडाच्या गांठोड्याच्या आकाराचा करून पुढें नेला. हजार मैलांहून अधिक वाट चालून फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयो येथें समुद्रास पोंचले.

देहाबरोबर इंग्लंडास एकटा जेकब गेला. लंडनमध्यें शरीराची ओळख पटविण्याचा प्रश्न आला, तेव्हां शस्त्रवैद्यांनीं डाव्या दंडाचें तें न जुळलेलें हाड पाहिलें, आणि शंका राहिली नाहीं. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें दफन झालें. शवपेटीचा मान घेणाऱ्यांत जेकब वेनराइट उभा होता. सूसी व चुमा नंतर इंग्लंडास गेले, व त्यांच्या मदतीनें शेवटच्या रोजनिशीचें पुस्तक सिद्ध झालें.

लिव्हिंगस्टन ह्यांना नाईलचा उगम सांपडला नाहीं. लुआलाबा ही कांगोचा वरचा प्रवाह आहे, हें स्टॅन्लीनें १८७७ सालीं दाखविलें. त्यांनीं दाखविलेल्या वाटांनीं पुढें युरोपियन राष्ट्रांची लालसाही आफ्रिकेंत शिरली, हेंही खरें. परंतु न्यांग्वेची हकीगत इंग्लंडांत पोंचली तेव्हां लोकमत पेटलें. मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रिअर झांझिबारला धाडले गेले, आणि ५ जून १८७३ रोजीं सुलतानानें गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. लिव्हिंगस्टन ह्यांना जाऊन तेव्हां पांचच आठवडे झाले होते. तें त्यांना कळलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आम्ही हें चरित्र वर्गांत सांगतों, तेव्हां मुलें सिंहाची गोष्ट पुन्हा मागतात. आम्ही ती सांगतों. पण मग एक हिशेब फळ्यावर मांडतों. एका बाजूस १८५४ सालचें लुआंडा बंदर: धनी आपल्या सत्तावीस सोबत्यांना सोडून जहाजावर चढत नाहीं. दुसऱ्या बाजूस १८७३ सालचें चितांबोचें गांव: सोबती आपल्या धन्याला अरण्यांत सोडून घरीं जात नाहींत. ह्या दुसऱ्या ओळींत ज्यांचीं नांवें आहेत, त्यांपैकीं कित्येकांना लहानपणीं माणसांनीं विकलें होतें. कोणावर विश्वास न ठेवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. तरी त्यांनीं विश्वास ठेविला आणि तो पाळला. नाशिकास जाल तेव्हां शरणपूरच्या रस्त्यावर क्षणभर थांबा, आणि त्या मुलांचीं नांवें मनांत घ्या. वेस्टमिन्स्टरची शिळा फार दूर आहे. ही जागा आपल्या घराजवळ आहे.